एक पोशाख देवांसाठी, एक जगासाठी

१२ ऑक्टोबर १८६८. क्योतोच्या राजवाड्यातल्या शिशिनदेन दालनात पंधरा वर्षांच्या एका मुलाचं राज्यारोहण होणार होतं. वडील, सम्राट कोमेई, दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यानंतर अडीचशे वर्षांची शोगुनशाही कोसळली होती आणि उत्तरेकडे यादवी अजून धुमसत होती. कोमेईंचं राज्यारोहण १८४७ साली झालं. ते पाहिलेले म्हातारे दरबारी या दिवशीही हजर असतील, तर दोन गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटल्या नसणार. पहिली म्हणजे सोहळ्याच्या जागी मांडलेला पृथ्वीचा भलामोठा गोल. मितोचे सरदार तोकुगावा नारिआकी यांनी तो पूर्वी दरबाराला भेट दिला होता. परदेशी लोकांना देशातून हाकलून द्या म्हणणाऱ्यांमध्ये हे नारिआकी अग्रभागी होते. त्यांचा गोल आता नव्या राजवटीची नजर साऱ्या जगाकडे आहे हे सांगायला उभा होता.

दुसरी गोष्ट मुलाच्या अंगावर होती. कोमेईंनी नेसलेला तो लालभडक, भरतकामाने मढलेला झगा कुठेच नव्हता. डोक्यावरचा मण्यांच्या झालरींचा मुकुटही नव्हता. मुलाने पिवळसर तपकिरी रेशमाचा रुंद बाह्यांचा अंगरखा घातला होता आणि डोक्यावर होती मागे उंच ताठ पट्टी असलेली काळी टोपी. शतकानुशतकं चालत आलेला राज्यारोहणाचा पोशाख त्या दिवशी बाद झाला. तो पुन्हा कुणी घातला नाही.

हाच मुलगा पुढे सम्राट मेइजी म्हणून इतिहासात गेला. २०१९ साली टोकियोत सम्राट नारुहितो यांचं राज्यारोहण जगाने दूरचित्रवाणीवर पाहिलं, तेव्हा बहुतेकांची समजूत झाली की हा पोशाख हजार वर्षं तसाच चालत आला आहे. झगा हजार वर्षांहून जुना आहे, यात शंका नाही. मात्र राज्यारोहणाच्या दिवशी तो घालायचा, हा निर्णय १८६८ चा. जपानी राजघराण्याच्या पोशाखाची खरी कथा अशा निर्णयांची आहे. काय टाकायचं, काय ठेवायचं आणि ठेवलेलं कुणासमोर घालायचं, हे ठरवणारी माणसं प्रत्येक वळणावर होती.

टाकलेल्या पोशाखापासून सुरुवात करू. त्याला राईफुकु म्हणत आणि तो चीनच्या थांग दरबाराच्या नमुन्यावर बेतलेला होता. लाल रेशमावर सूर्य, चंद्र, तारे, डोंगर, ड्रॅगन अशी सम्राटाची बारा चिन्हं भरलेली असत. सूर्यात कावळा, चंद्रात ससा, पाठीवर सप्तर्षी. मुकुटाच्या चारही बाजूंनी मण्यांच्या माळा लोंबत. सम्राट शोमू यांनी ७३२ सालच्या नववर्षदिनी हा पोशाख पहिल्यांदा घातल्याची नोंद आहे. याच शोमूंनी नारा शहरात तोदाइजीचा महाबुद्ध घडवला. ७५२ मध्ये त्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला आणि डोळे रेखण्याचा मान मिळाला बोधिसेन या भारतातून गेलेल्या भिक्षूला. त्या काळातल्या राजमुकुटांचे तुटके अवशेष नाराच्या शोसोइन भांडारात आजही जपलेले आहेत. फुलापानांच्या नक्षीचे धातूचे तुकडे, मोती, मणी. बाराशे वर्षांपूर्वीच्या एका दरबारी सकाळचं एवढंच आपल्या हाती उरलं आहे, आणि तेही थोडं नाही.

या पोशाखाबद्दलची एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. तो घालणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. जपानच्या गादीवर आठ स्त्रिया दहा वेळा बसल्या, कारण दोघी दोन-दोनदा बसल्या. सत्ताधीश स्त्रीचा राज्यारोहणाचा पोशाख पांढरा असे. अशा शेवटच्या सम्राज्ञी म्हणजे १७६२ ते १७७१ या काळात राज्य केलेल्या गो-साकुरामाची.

मेइजींनी अंगावर घेतलेला पिवळसर तपकिरी झगाही तसा जुनाच. त्याच्या रंगाला कोरोझेन म्हणतात. ८२० साली सम्राट सागा यांनी हुकूम काढून सम्राटाच्या पोशाखाची वाटणी केली. देवकार्यात पांढरं रेशीम, नववर्षाच्या महादरबारात बारा चिन्हांचा झगा आणि इतर दरबारी प्रसंगी कोरोझेन. तेव्हापासून हा रंग सम्राटाखेरीज कुणालाही निषिद्ध झाला. मांडणी ध्यानात घ्या. कोरोझेन त्या काळी दुसऱ्या पायरीवरचा होता. पहिल्या पायरीवर तो गेला, ते १८६८ मध्ये वरचा झगा काढून टाकला म्हणून.

हा रंग चढवायची कृती ९२७ साली पूर्ण झालेल्या एंगिशिकी या नियमग्रंथात दिली आहे. एका ताग्याला हाझे झाडाचं लाकूड १४ किन आणि सुओ ११ किन. किन हे तिकडचं जुनं वजन. शिवाय व्हिनेगर, राख आणि आठ भारे सरपण. हाझेच्या गाभ्यातून पिवळा रंग निघतो. सुओ म्हणजे आपल्याकडे ज्याला पतंग म्हणतात ते लाल रंग देणारं लाकूड. ते जपानात उगवत नाही. दक्षिणेच्या समुद्रांवरून व्यापाऱ्यांच्या हातून ते जपानी रंगाऱ्याच्या काहिलीत पोचायचं. दोन्हींचं प्रमाण, राखेचा जोर, पाण्याची ऊब यांत जरा फरक पडला की रंग बिघडतो. जमला तर सावलीत तपकिरी वाटणारं कापड उजेडात आतून तांबूस पेटल्यासारखं दिसतं. विणीतच किरी वृक्ष, बांबू, होओ पक्षी आणि किरिन हा काल्पनिक प्राणी असतो. हे सगळं फक्त एका माणसासाठी.

या कापडाला रूप कुणी दिलं तेही सांगायला हवं. नवव्या-दहाव्या शतकातले दरबारी कपडे मऊ होते, अंगाबरोबर पडणारे. बाराव्या शतकात मिनामोतो नो आरिहितो या राजवंशी सरदाराने खळ दिलेल्या, कडक, कोनदार पोशाखाची टूम काढली. कडक कापड आपल्याआपण अंगावर बसत नाही, नेसवणारा माणूस लागतो. त्यातून एमोन ही नेसवण्याची विद्या जन्मली आणि ताकाकुरा व यामाशिना या दोन घराण्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. दोन्ही परंपरा आजही चालू आहेत.

नेसवायला दोघं लागतात, एक समोर आणि एक मागे. समोरचा गुडघ्यांवर बसूनच काम करतो. स्त्रियांचा जूनिहितोए नेसवताना या विद्येचं कसब दिसतं. जूनिहितोए म्हणजे बारा थरांचा पोशाख. थर नेमके बारा असतातच असं नाही. दरबारी नोंदीत त्याचं नाव लांबलचक आहे, इत्सुत्सुगिनु-कारागिनु-मो. आधी आखूड बाह्यांचं अंतर्वस्त्र आणि लांब पायघोळ हाकामा. मग बिनअस्तरी हितोए, त्यावर एकाखाली एक रंगाची कड दिसेल असे पाच झगे, त्यावर आणखी दोन, मग आखूड कारागिनु, आणि कमरेमागून जमिनीवर पसरणारा मो. हातात रंगीत दोरे लोंबणारा, सायप्रसच्या फळ्यांचा पंखा. आणि हे सारं बांधतात केवळ दोन दोऱ्यांनी, आळीपाळीने. नवा थर चढवून दुसऱ्या दोरीने बांधला की आतल्या थराची पहिली दोरी ओढून काढायची आणि पुढच्या थरासाठी वापरायची. शेवटी पंधरा किलोंच्या आसपास वजनाचा तो डोलारा एकाच दोरीवर उभा असतो. ती सोडली की नेसणारी बाई आतून सरळ बाहेर पडू शकते आणि सगळे थर तिच्या आकारात मागे राहतात.

मध्ये एक काळ असा आला की हे सगळं मातीत जाणार होतं. १४६७ ते १४७७ या ओनिन युद्धात क्योतो जळलं. दरबाराचं उत्पन्न आटलं. सम्राट गो-त्सुचिमिकादो १५०० साली वारले तेव्हा अंत्यविधीला पैसे नव्हते, म्हणून त्यांचा देह चाळीसहून अधिक दिवस पडून राहिला. त्यांचे पुत्र गो-काशिवाबारा गादीवर आले खरे, पण राज्यारोहणाचा सोहळा व्हायला १५२१ उजाडलं. एकवीस वर्षं थांबलेला सम्राट! त्यांच्या मुलालाही दहा वर्षं वाट पाहावी लागली. नव्या सम्राटाने नव्या पिकाचा भात देवांबरोबर ग्रहण करायचा दाइजोसाई हा सर्वांत पवित्र विधी १४६६ नंतर १६८७ पर्यंत झालाच नाही. दोनशे वर्षांहून मोठा हा खंड पुढे जुने ग्रंथ, चित्रं आणि रोजनिश्या धुंडाळून भरून काढला. स्त्रियांचा थरांचा पोशाखही असाच विस्कटला होता. शोगुनशाहीच्या एडो काळातल्या अभ्यासकांनी कागदपत्रांवरून तो पुन्हा उभा केला. ‘अखंड परंपरा’ हा शब्द मला इथे पुरेसा वाटत नाही. परंपरा तुटली होती, आणि तुटलेलं शोधून जोडणारी माणसं होती, ही बाब अखंडपणापेक्षा मोठी आहे.

आता पुन्हा मेइजींकडे. चिनी वळणाचा पोशाख टाकण्यामागे फुकुबा बिसेई यांच्यासारख्या पंडितांचा आग्रह होता. नव्या राजवटीचा दावा होता की आपण आद्य सम्राट जिम्मू यांच्या काळाकडे परत जात आहोत. मग थांगचा ड्रॅगन पाठीवर कसा चालेल? कोरोझेन निवडला गेला तो ‘शुद्ध जपानी’ म्हणून.

आणि अवघ्या तीन वर्षांत त्याच दरबाराने या शुद्ध जपानी पोशाखावरही कुऱ्हाड घातली. १८७१ मध्ये सम्राटांच्या नावे निघालेल्या फर्मानाचा आशय असा होता की, सध्याचा दरबारी पोशाख चीनच्या अनुकरणातून आला आहे, त्याने माणूस दुबळा दिसतो, जिम्मू आणि सम्राज्ञी जिंगू यांच्या काळी असं नव्हतं, म्हणून पोशाख बदलून लढवय्या बाणा पुन्हा आणला पाहिजे. दाखला जिम्मूंचाच, निष्कर्ष मात्र युरोपच्या शिंप्याकडे नेणारा. १८७२ च्या अखेरीस सरकारने पाश्चात्य पद्धतीचा भरजरी कोट हा अधिकाऱ्यांचा औपचारिक पोशाख ठरवला. जुन्या दरबारी वस्त्रांना त्याच हुकुमात एक कोपरा मिळाला. ती यापुढे देवकार्यात वापरायची.

माझ्या मते पुढच्या दीडशे वर्षांचं सूत्र त्या एका तरतुदीत आहे. देवांसमोर जुना पोशाख, जगासमोर नवा.

तो बदल छायाचित्रांत पकडला गेला आहे. १८७२ मध्ये उचिदा कुइची या छायाचित्रकाराने मेइजींना पारंपरिक वेशात टिपलं. त्यात सैल बाह्यांत हरवलेला, जरा बावरलेला तरुण दिसतो. मार्च १८७३ मध्ये सम्राटांनी शेंडी कापली. त्याच महिन्यात सम्राज्ञी हारुको यांनी दात काळे करणं आणि भुवया भादरणं सोडलं, म्हणजे शतकांची कुलीन स्त्रीची ओळख सोडली. त्याच वर्षी उचिदाने पुन्हा छायाचित्र काढलं. आता सम्राट लष्करी गणवेशात खुर्चीवर बसले होते आणि तलवार हाताशी होती. पुढे अधिकृत म्हणून वाटलं गेलं ते हेच.

पुरुषांचं काम असं एका हुकुमात झालं. स्त्रियांना आणखी तेरा-चौदा वर्षं लागली, आणि मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग तोच वाटतो. १८८० च्या दशकात जपानच्या मानेवर असमान करारांचं जोखड होतं. परदेशी नागरिकावर जपानी न्यायालयात खटला चालत नसे, आयातीवर किती कर घ्यायचा हेही सरकारच्या हाती नव्हतं. करार बदलायचे तर युरोपने बरोबरीचं मानलं पाहिजे, अशी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांची धारणा होती. दरबारातल्या स्त्रियांना युरोपीय पोशाख द्यायचं ठरलं तेव्हा दरबाराचे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनी विरोध केला. आवळ कॉर्सेट जपानी स्त्रियांच्या प्रकृतीला मानवणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बेल्झ यांनी रोजनिशीत इतोंचं उत्तर लिहून ठेवलं आहे. त्याचं सार असं की तुमचं वैद्यक बरोबर असेल, पण आमच्या स्त्रिया जपानी वेशात दिसतात तोवर परकीय त्यांना बाहुल्याच समजणार. दरबाराचे सल्लागार म्हणून आलेले ओटमार फॉन मोल हेही जर्मनच. त्यांनाही जुना पोशाख राहावा असं वाटत होतं. जपानी स्त्रियांचा जपानी पोशाख वाचवायला युरोपीय पुरुष भांडत होते आणि जपानी पंतप्रधान तो उतरवत होते.

उतरवायचा होता तो सम्राज्ञी हारुको यांना. १८८६ च्या उन्हाळ्यात त्या पाश्चात्य पोशाखात पहिल्यांदा बाहेर आल्या आणि १७ जानेवारी १८८७ ला त्यांच्या नावाने एक पत्रक निघालं. त्यातली मांडणी मला फार हुशारीची वाटते. सम्राज्ञी म्हणतात की आजचा किमोनो आपला मूळ पोशाख नव्हेच. प्राचीन काळी आपल्या स्त्रिया वर वेगळं आणि खाली वेगळं वस्त्र घालत. युद्धांच्या धामधुमीत खालचं वस्त्र गळालं आणि वरचंच लांब होत गेलं. पाश्चात्य पोशाखात वरचा आणि खालचा भाग वेगळा आहे, म्हणून तो आपल्या प्राचीन रीतीच्या जवळचा आहे. शेवटी आग्रह असा की कापड मात्र देशी वापरा. म्हणजे देशातले विणकर आणि शिवणारे जगतील.

घालायला भाग पडलेल्या पोशाखाला त्यांनी परंपरेचा आधार शोधला आणि त्याच दमात देशी मागाची बाजू घेतली. रेशमाची त्यांना जवळून ओळख होती. १८७१ पासून त्यांनी राजवाड्यात रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली होती आणि त्यासाठी शिबुसावा एइची यांचा सल्ला घेतला होता. ती रीत सम्राज्ञींकडे आजही आहे. वसंतात मोमिजियामाच्या रेशीमघरात त्या स्वतः किड्यांना तुतीची पानं घालतात आणि पुढे कोष गोळा करतात. तिथे कोइशिमारू नावाची छोट्या कोषांची जात आहे. उत्पन्न कमी म्हणून ती काढून टाकायचा विचार चालला होता, पण तेव्हाच्या सम्राज्ञी मिचिको यांनी ती राखली. १९९४ पासून शोसोइनच्या आठव्या शतकातल्या वस्त्रांच्या प्रतिकृती विणायला याच जातीचा बारीक धागा कामी आला.

११ फेब्रुवारी १८८९ ला जपानला राज्यघटना मिळाली. त्या सकाळी मेइजींनी राजवाड्याच्या देवघरात, काशिकोदोकोरोत, प्राचीन वेशात पूर्वजांना घटनेची वार्ता सांगितली. मग कपडे बदलून, लष्करी गणवेशात, त्यांनी दरबारात ती घटना पंतप्रधानांच्या हाती दिली. सम्राज्ञी युरोपीय पोशाखात हजर होत्या. त्याच दिवशी राजघराण्याचा कायदाही लागू झाला. त्याने गादीचा वारसा फक्त पुरुषांना राखून ठेवला.

सकाळी जुना, दुपारी नवा ही जोडी मग सगळ्या विधींत रुळली. १० मे १९०० ला युवराज योशिहितो यांचं लग्न सादाको यांच्याशी काशिकोदोकोरोसमोर झालं. विधीला वधूने थरांचा पोशाख घातला आणि नंतर मागे लांब घोळ असलेला युरोपीय दरबारी झगा. देवासमोर लग्न लावायची ही रीत पुढे सामान्य जपानी घरांतही पसरली. आज कुणालाही ती अनादी वाटते. तिचं वय सव्वाशे वर्षं.

१९०९ च्या नियमावलीने राज्यारोहणाचे तपशील लेखी बांधून टाकले. सम्राटासाठी ताकामिकुरा हा सुमारे साडेसहा मीटर उंच, आठ टनांचा अष्टकोनी मंडप. सम्राज्ञीसाठी शेजारी थोडा लहान मिचोदाई. दोन्ही नव्याने बांधले गेले. नोव्हेंबर १९१५ मध्ये याच योशिहितोंच्या, म्हणजे तैशो सम्राटांच्या सोहळ्यात मिचोदाई रिकामाच राहिला, कारण सम्राज्ञी गरोदर होत्या. राजपुत्र ताकाहितो त्यानंतर काही आठवड्यांनी जन्मले. त्यामुळे त्यात उभं राहण्याचा पहिला मान १९२८ मध्ये सम्राज्ञी नागाको यांना मिळाला. त्या वर्षीचा सोहळा देशभर रेडिओवरून गेला आणि पंतप्रधान तानाका गिइची यांनी दरबारी वेशात, अंगणातून वर पाहत बांझाईचा जयघोष केला.

युद्ध आलं आणि सगळा थाट विरला. दरबारी झगे बाजूला पडले आणि १९४४ मध्ये स्त्रियांसाठी कापड वाचवणारा साधा पोशाख आला. १९४७ च्या घटनेने सम्राट हे राष्ट्राचं प्रतीक झाले, धर्म आणि शासन वेगळे झाले. पण देवकार्यातला पोशाख टिकला, आणि १० एप्रिल १९५९ ला तो अशा अंगावर चढला ज्याची १८८९ च्या कायदेपंडितांनी कल्पना केली नसेल. पीठगिरणीच्या उद्योजकाची मुलगी शोदा मिचिको युवराज अकिहितो यांची वधू झाली. युवराजांच्या अंगावर उगवत्या सूर्याच्या रंगाचा ओनी नो हो होता. हाही रंग निषिद्ध, फक्त युवराजांसाठी राखलेला. नंतर मिचिको पांढरा पाश्चात्य झगा आणि टिआरा घालून घोड्यांच्या बग्गीतून निघाल्या तेव्हा रस्त्यांवर लाखो लोक होते. ती मिरवणूक बघायला म्हणून असंख्य घरांनी दूरचित्रवाणी संच आणले. दुपारचा पोशाख लोकांच्या मनात राहिला खरा, पण सरदारघराण्याबाहेरची मुलगी राजघराण्याची सून झाली ती सकाळच्या पोशाखात.

१९९० मध्ये अकिहितो यांचं राज्यारोहण झालं, आणि ते पहिल्यांदाच टोकियोत. क्योतोहून ताकामिकुराचे सुटे भाग हेलिकॉप्टरने आणले गेले. वाद होता पंतप्रधानांच्या जागेचा. काइफु तोशिकी अंगणात उतरले नाहीत आणि त्यांनी दरबारी वेशही घातला नाही. टेलकोटात, सम्राटांच्याच दालनात उभं राहून त्यांनी घोष केला. लोकांनी निवडून दिलेला माणूस कुठे आणि कोणत्या कपड्यांत उभा राहतो, याला घटनेइतकंच महत्त्व आहे हे त्या मंत्रिमंडळाला कळलं होतं.

२२ ऑक्टोबर २०१९ ला दुपारी एकच्या सुमारास ताकामिकुराचे जांभळे पडदे उघडले आणि कोरोझेन नेसलेले नारुहितो उभे दिसले. शेजारच्या मिचोदाईत सम्राज्ञी मासाको. १८० हून अधिक देशांचे प्रतिनिधी समोर होते आणि त्यांत भारताचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद होते. मासाको हार्वर्डमध्ये शिकलेल्या, परराष्ट्र खात्यात काम केलेल्या. वारस मुलगा हवा या अपेक्षेखाली त्यांची अनेक वर्षं आजारपणात गेली. पंधरा किलोंच्या थरांत त्यांना ताठ उभं पाहताना अनेक जपानी स्त्रियांना काय वाटलं असेल, ते पोशाखाच्या वर्णनात मावणारं नाही.

तीन आठवड्यांनी, १४ नोव्हेंबरच्या रात्री, दाइजोसाई झाला. आतल्या विधीला कॅमेरे नव्हते. सम्राटांनी न रंगवलेल्या पांढऱ्या कच्च्या रेशमाचं वस्त्र नेसलं. त्यांच्या साऱ्या पोशाखांत ते सर्वांत साधं आणि तरीही सर्वांत पवित्र मानलं जातं. विधीसाठी तोकुशिमातून भांगेच्या जातीच्या ‘आसा’ या झाडाच्या धाग्याचं कापड आलं आणि आइची प्रांतातून रेशीम. तात्पुरत्या मंदिरांसह त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला. त्याआधीच्या वर्षी सम्राटांचे धाकटे भाऊ, राजपुत्र अकिशिनो, यांनी उघडपणे म्हटलं होतं की हा धार्मिक विधी आहे, तो घराण्याच्या खासगी पैशातून, झेपेल तेवढाच करावा. मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्या घराण्यात हा विधी दोनशे वर्षं पैशांवाचून थांबला, त्याच घराण्याच्या वंशजाने ते म्हटलं आहे, म्हणून जास्तच पटतं.

डिसेंबर २०२१ मध्ये सम्राटांची एकुलती एक कन्या ऐको वीस वर्षांची झाली. सज्ञान झालेल्या राजकन्येला नवा टिआरा घडवून देण्याची रीत आहे. साथीच्या काळात लोक हलाखीत असताना नवा नको, म्हणून त्यांनी आत्याचा टिआरा मागून घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये अकिशिनोंचे पुत्र हिसाहितो यांचा सज्ञान होण्याचा विधी झाला. घराण्यातल्या मुलाचा असा विधी चाळीस वर्षांनी होत होता. फिकट रंगाच्या कुमारवेशात ते आले, डोक्यावर काळा मुकुट ठेवला गेला, हनुवटीखाली पांढरी दोरी बांधून तिची टोकं कात्रीने कापली. मग प्रौढाचा काळा झगा आणि देवघराचं दर्शन. त्यानंतर टेलकोट. १८७२ ची वाटणी अजून जशीच्या तशी चालू आहे.

आज गादीच्या वारसांच्या यादीत तीनच नावं आहेत. सम्राटांचे भाऊ अकिशिनो, पुतणे हिसाहितो आणि नव्वदीला टेकलेले काका, राजपुत्र हिताची. तरुण एकटे हिसाहितो. ऐको त्या यादीत नाहीत, कारण १८८९ ची अट १९४७ च्या कायद्यातही कायम राहिली. गो-साकुरामाची यांनी राज्यारोहणात घातलेल्या पांढऱ्या पोशाखाची नोंद दरबाराच्या इतिहासात आहे. परंपरेच्या नावाने ऐको यांची वाट अडवणाऱ्यांनी ती एकदा वाचावी.